पापणीखालचे झटके

बंगळूर सोडून नागपूरला परतले त्याला बरीच वर्षं झाली, पण चामराजपेटच्या शिंपीकाकांचं मराठी अजून कानात आहे. मी तेव्हा आयसीयूत नवी डॉक्टर होते. दिवसभर इंग्रजी, हिंदी आणि मोडकंतोडकं कन्नड. एके दिवशी एका पेशंटचे यजमान, हेच शिंपीकाका, म्हणाले, "अक्का, तुम्ही मराठी काय? आम्ही पण मराठीच. पिढ्या गेल्या इथं."

त्यांच्या बायकोला मेंदूज्वर झाला होता. ताप उतरला, गुंगीचं औषध बंद केलं, तरी काकू जाग्या होईनात. काका रोज येऊन त्यांच्याशी बोलत बसायचे. शेजारणीनं सारू-भात पाठवला, मशीनचा पट्टा तुटला, असलं काहीबाही.

एका सकाळी तपासताना मी काकूंची पापणी उचलली. डोळे एका बाजूला खेचलेले, बुबुळं बारीक हिसके देत होती. ओठाचा कोपराही उडत होता. मी आमच्या वरिष्ठ डॉक्टर मॅडमना बोलावलं. त्या म्हणाल्या, "ईईजी लावा. आत्ताच."

पडद्यावर मेंदूच्या लहरींच्या सगळ्या रेघा एकाच लयीत उसळत होत्या. अंग शांत, पण मेंदूत फिट थांबलेलीच नव्हती.

मी बाहेर येऊन काकांना सांगितलं.

"म्हणजे ती नुसती झोपलेली नाही?"

"नाही काका. आत झटके चालू आहेत, म्हणून जाग येत नसावी. औषध सुरू केलंय."

"सरी, ठीक आहे," काका म्हणाले आणि भिंतीला टेकले.

पहिल्या औषधानं रेघा जरा निवळल्या, पुन्हा उसळल्या. दुसरं जोडलं, मग कुठे शांत झाल्या. तरी काकू उठेनात. एचएसआर लेआउटमधल्या माझ्या खोलीवर जाऊन जेवायला बसले तरी डोळ्यांपुढे त्या रेघाच येत.

मग एका दुपारी काकांची हाक आली, "अक्का, बघा, बोट धरलं!" खरंच धरलं होतं. पुढे श्वासासाठी घातलेली घशातली नळी निघाल्यावर घोगऱ्या आवाजात काकू पहिलं वाक्य बोलल्या, "केस किती वाढलेत हो तुमचे!" काका हसता हसता रडायला लागले.

काकू घरी गेल्या. फिटच्या गोळ्या चालू राहिल्या, माणसांची नावं मात्र पटकन आठवत नसत. सणाला त्यांनी मला जेवायला बोलावलं. माझं नाव न आठवल्यानं "डॉक्टरअक्का" म्हणत पानात होळगे, म्हणजे आपली पुरणपोळी, वाढली, वर तूप. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "स्वल्पच गं."

माझी आई नागपुरात. त्या शहरात मला असा आग्रह करणारं तोवर कुणी नव्हतं.