राजकन्येचा हक्क आणि लालबागची खोली

इंग्लंडच्या गादीवर कोणामागून कोण बसलं, हे मला झोपेतून उठवून विचारा. कोणती राणी कोणाची सावत्र बहीण, कोणाचं डोकं कोणत्या नवऱ्यानं उडवलं, सगळं तोंडपाठ. माझ्या सख्ख्या काकांना नातवंडं किती, हे मात्र आईला फोन करून विचारावं लागतं. फणसवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली या राजघराण्याच्या जाडजूड कादंबऱ्या, आणि रविवारी टीव्हीवर त्यांचेच सिनेमे. नवरा म्हणतो, "इंग्रज गेले म्हणे. आपल्या घरातून कधी जाणार?"

गेल्या वर्षी एका राजकन्येसाठी मी आठवडाभर हळहळत होते. तिच्या आईवरची मर्जी उडाली म्हणून बापानं पोरीला वारसांतूनच काढून टाकलं होतं. ऑफिसात डबा खाताना मी मैत्रिणींना तावातावानं ऐकवलं, की बाईनं आपला हक्क सोडता म्हणून कामा नये. भाषण छान झालं. एकीनं मला जास्तीची पोळी वाढली.

त्याच आठवड्यात भावाचा फोन आला. लालबागची आमची चाळ पाडून तिथे टॉवर होणार होता. बाबा गेल्यावरही त्यांच्याच नावावर राहिलेली खोली आता त्याच्या एकट्याच्या नावावर करायची, तर माझा हक्क सोडल्याची सही हवी होती. "फॉर्मॅलिटी आहे गं ताई. दोन मिनिटांचं काम."

गेले. वहिनीनं कोंबडी-वडे केले होते, म्हणजे काम दोन मिनिटांचं नव्हतं. जेवण झाल्यावर भावानं कागद पुढे ठेवला. "वाचून घे हां."

पडद्यावर राजाचं मृत्युपत्र दिसलं की सिनेमा थांबवून वाचणारी मी म्हणाले, "त्यात काय वाचायचं?" खरं तर माझं काय, असं विचारायचं होतं. आई सोलकढीच्या वाटीत बघत होती. विचारलं असतं, तर पुढच्या गणपतीला मी कुठल्या तोंडानं तिथे जाणार होते? मला भीती वाटली, साधी भीती. तीन ठिकाणी सुवाच्य सही केली.

निघताना आई दारापर्यंत आली. माझ्या लग्नाला वीस वर्षं झाली, पण त्या खोलीत यायला मला कधी कोणाच्या बोलावण्याची गरज पडली नव्हती.

"येत ऱ्हव गो मधी मधी," आई म्हणाली.