वाग्नर साहेब आणि रानवडीकर

रानवडी सोडली त्या दिवशी दारात जीप उभी होती आणि मी कामाच्या शेडला कुलूप लावत होतो. माझा मुलगा प्रकाश जीपमधून ओरडला, "यल्ला आबा, चला चला, विमान थांबत नसतंय!" बायको गेल्यावर मला एकट्याला गावात ठेवायचं नाही, असं त्यानं ठरवलं. मला कुणी विचारलं नाही. बैलगाड्या करण्यात माझा जन्म गेला, बापाचाही गेला. आता गाड्या कोण घेतंय म्हणा. तरी शेड माझी होती.

गावातल्या मंडळींनो, आणि माझ्यासारखं पोरांमागं परदेशी आलेल्यांनो, मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. चुकलं तर चुकलं. पण राग पोटात ठेवून मरायचं नाही मला.

गावात माझं दार दिवसभर उघडं असायचं. इथं कतारात, दोह्यात खिडकीसुद्धा उघडत नाही, एसी जातो म्हणे बाहेर.

गेल्या महिन्यात नातवाचं बारसं झालं. प्रकाशचं ऑफिस वेस्ट बे नावाच्या उंच इमारतींच्या भागात आहे, तिथला जर्मन साहेब आला होता, आडनाव वाग्नर. तो काय बोलतोय ते सून मला मराठीत सांगत होती. वाग्नर म्हणजे गाड्या करणारा, चाकं घडवणारा. त्याच्या पूर्वजांचं ते काम. केवढ्या अभिमानानं सांगत होता! म्हटलं, हा तर आपलाच. सुनेला म्हणालो, "सांग त्याला, आम्हीपण तेच. आम्ही सुतार."

तिनं सांगितलं, पण चाचरत. साहेब गोंधळला आणि प्रकाशला काहीतरी विचारलं. त्यातलं 'रानवडीकर' तेवढं मला कळलं. प्रकाशनं मान खाली घातली.

पाहुणे गेल्यावर त्याला धरला. आडनाव त्यानं पुण्यात असतानाच सुतारचं रानवडीकर केलं होतं, आणि पोरालाही तेच लावलं.

"लाज वाटली होय रे बापाची?"

"आबा, आडनाव ऐकून वाग्नरला कुणी खोली नाकारत नाही. मला पुण्यात नाकारली. आडनाव ऐकायच्या आधी मालकीणबाई चहा विचारत होती."

"मग लाज त्या बाईनं धरायची. तू कशाला?"

"माझ्या पोराला ते नको, आबा. बस."

खरंही असेल त्याचं. पण गाव यानं सोडलं, मला सोडायला लावलं, आणि त्याच गावाचं नाव लावून वेस्ट बेत मिरवतो! सुट्टीला गावी गेला की दुसऱ्या दिवशी याला तिथले मच्छर चावतात.

नातवाला मी सुतारच म्हणतो. सून म्हणते, "आबा, खलास करा ना आता हा विषय." नाही करत.

परवा पाळण्यापाशी बसून हाक मारली, "ए सुतारा, ऊठ की!" पोरगं गाढ झोपलेलं. आतल्या खोलीतून प्रकाश म्हणाला, "काय आबा?"

हाक नातवाला होती, ओ दिली यानं. मी पाळण्याला झोका दिला.

राग गेलेला नाही माझा. पण या वाळूत माझं घर आता त्या 'काय आबा'एवढंच आहे, आणि तेवढं मी कुणाला बदलू देणार नाही.