गिरजाबाईच्या पेशी, आनंदरावांचं अंग

आसगावच्या आनंदरावांनी थोरल्या बहिणीशी सात वर्षं अबोला धरला होता. कारणही तसंच गंभीर. भाचीच्या लग्नपत्रिकेत मामांचं नाव तिसऱ्या ओळीत छापलं होतं! बहीण गिरजाबाई कारध्याला पुलाजवळ आलूभज्यांची गाडी लावायची. तिनं चारचौघांत माफी मागितली. पण छापील अपमानाला तोंडी माफी कशी चालावी?

मग आनंदरावांच्या हाडांतल्या मज्जेनं रक्त बनवणंच सोडलं. मज्जा बदला, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि जुळली ती नेमकी गिरजाबाईची. आनंदरावांनी आपला मान राखत बहिणीला फोन बायकोकडून, सत्यभामेकडून करवला. गिरजाबाईनं गाडी झाकली, बस धरली आणि मज्जा देऊन आली.

दोन महिन्यांनी तपासणीत दिसलं, की भावाच्या रक्तातल्या तिच्या पेशी घटत चालल्या आहेत.

"यांच्या काही जुन्या पांढऱ्या पेशी औषधांतून वाचल्या," डॉक्टर म्हणाले. "त्या तुमच्या मज्जेला परकी समजून हुसकावून लावताहेत."

"म्हंजे अंगातही अबोलाच धरला म्हना ना," गिरजाबाई म्हणाली.

"आता तुमच्याच लढाऊ पांढऱ्या पेशी द्याव्या लागतील, मावशी. त्या जुन्यांना आवरतील, मग मज्जा रुजेल. पण बेतानं द्यायच्या. जास्त झाल्या तर यांच्याच कातडीवर, आतड्यांवर तुटून पडतात."

"मंग थोड्याच द्या साहेब. माह्या पेशी आहेत, सात वर्षांचा राग असंल त्याहिले."

दोन्ही हातांत सुया घेऊन ती चार तास यंत्राशेजारी पडून राहिली. तोंडाला मास्क लावलेले आनंदराव दारातूनच पुटपुटले, "बाई, दुखून राहिलं का?" सात वर्षांतलं हे पहिलं वाक्य.

"नाही रे. मी तं पिकनिकले आली."

या पेशींच्या दुसऱ्या मात्रेनंतर आनंदरावांच्या अंगावर लाल पुरळ उठलं, जुलाब लागले. आठ दिवस ते बहिणीच्या नावानं कण्हत होते. औषधानं ते निवळलं. पुढच्या तपासणीत रक्तातल्या सगळ्या पेशी गिरजाबाईच्या निघाल्या. जुन्यांपैकी एकही उरली नव्हती.

वर्षभरानं आनंदराव कडक इस्त्रीचा शर्ट घालून कारध्याला आले आणि गाडीजवळच्या बाकावर बसले. आभार मानायला आले होते, पण शर्टाच्या बाह्याच नीट करत राहिले. गिरजाबाईनं त्यांच्या गालांवर परतलेला रंग नीट न्याहाळला. मग म्हणाली, "बसून काहून राहिला? गिऱ्हाईक उभं हाये, प्लेट दे."

आनंदराव उठले, आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला चटणी द्यायला विसरले.