मिस्त्रींची शिडी

दुपारी टीव्हीवर एक जुना सिनेमा लागला होता. नायक दागिन्यांचा नामांकित चोर. धंदा सोडून बंगल्यात लोळत पडलेला, पण एका हिऱ्याच्या हारासाठी पुन्हा छपरावर चढतो. कौलं घालण्यात जन्म गेलेले मिस्त्री खुर्ची पुढे ओढून बघत होते.

“बूट घालून कौलांवर पळतोय! कौल फुटत नाही, घाम येत नाही. भांगसुद्धा मोडत नाही गड्याचा.”

“चोरानेही निवृत्ती घेतली होती, तुम्हीच तेवढे राहिलात,” बायको म्हणाली. “शिडी रंगाऱ्याला द्यायचं कबूल केलंय मी. संध्याकाळी न्यायला येईल.”

मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. गुडघ्याने दगा दिल्यापासून कामं बंदच होती. पण शिडी अंगणात उभी होती तोवर ते मिस्त्री होते. ती गेली की नुसते आजोबा.

“या वयात तो चढतो, मग मला काय धाड भरलीये?”

“त्याच्याऐवजी कुणी तरणाताठा चढलाय. पाठमोरा दाखवतात तो उगाच का?”

मिस्त्री तिरीमिरीत उठले. स्वयंपाकघरावरचं एक कौल सरकलं होतंच. शिडी लावून ते अनवाणी वर गेले. खालच्या लाकडी पट्ट्यांचा अंदाज घेत पाय टाकले, कौल बसवलं. काम चोख. फक्त शिडीचं वरचं टोक दोराने बांधायचं राहिलं. ज्या चुकीपायी जन्मभर गड्यांना शिव्या घातल्या, ती चोराच्या ईर्ष्येने स्वतःच करून बसले.

बायकोने शिडी अलगद ओढून बाजूला ठेवली.

“अगं, काय करतेस?”

“बसा, हवा खा. उतरायचं असेल तर शिडी द्यायला हो म्हणा.”

“नाही म्हटलं तर?”

“तर रंगारी उतरवेल. मग तसाच शिडी घेऊन जाईल.”

सिनेमातला चोर पाइपवरून सरसर उतरला होता. मिस्त्रींनी आपल्या भिंतीवरचा पाइप बघितला. पाइप प्लास्टिकचा, आणि गुडघा त्याहून नाजूक.

“बरं बाई, हो. पण वर बांधल्याशिवाय चढू नको म्हणावं त्याला.”

“तुम्हीच सांगा. अनुभव ताजा आहे.”

शिडी पुन्हा लागली. उतरताना गुडघा लटपटला, तेव्हा बायकोने पोटरी घट्ट धरली आणि पाय जमिनीला टेकेपर्यंत सोडली नाही.

रंगारी आला. मिस्त्रींनी त्याला तीनदा गाठ मारायला लावली. तिसरीही पसंत पडली नाही. तरी दिली शिडी.