जिनिंगच्या पहारेकऱ्याचा आवाज

हमीदभाई गेल्याचं मला नांदुऱ्याच्या बसस्टँडवर कळलं. त्यांच्याबरोबर जिनिंगमध्ये काम केलेला एक जण रसवंतीपाशी उभा होता. मला पाहून त्यानं ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "सर, तुमचे हमीदभाई गेले नं परवा. माती बी झाली." वडनेरला घरी आलो, चप्पल काढली आणि बराच वेळ ओसरीवरच बसून राहिलो... मला आधी दुःख झालं नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाज वाटली. गेला दीड महिना मी त्या लाजेशी भांडतो आहे. मृत माणसाबद्दल चांगलं लिहिणं सोपं असतं, पण मला माझ्याबद्दल खरं लिहायचं आहे.

मी शाळेत चित्रकलेचा शिक्षक होतो. परीक्षा जवळ आली की माझा तास गणिताला जायचा, असा शिक्षक. पुण्याला असलेल्या माझ्या मुलानं त्याचा जुना कॉम्प्युटर मला आणून दिला, त्यात एक खेळ होता. अंधारात दबकत, पहारेकऱ्यांची नजर चुकवत, कुणाच्याही अंगाला हात न लावता एखाद्या वाड्यात शिरायचं आणि हवी ती वस्तू घेऊन बाहेर पडायचं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे वेड लागलं, त्यावर बायको हसायची. पुढे कळलं की हा खेळ बनवणाऱ्यांनी तो कधीच सोडून दिला आहे, पण जगभरातले चाहते त्याच्यासाठी स्वतः नवी मिशनं बनवतात. इमारत उभी करतात, सावल्या पाडतात, पहारेकरी फिरवतात आणि सगळं फुकट वाटतात. बाहेर देण्याआधी आपसातले चार-पाच जण ते खेळून चुका काढतात. मिशनबरोबर एक कागद जातो, कुणी काय केलं ते सांगणारा. मोबदला म्हणाल तर तेवढाच, त्या कागदावरचं नाव.

मी ठरवलं, आपलं मिशन कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगचं करायचं. टेप घेऊन नांदुरा रस्त्यावरच्या जिनिंगमध्ये मापं घ्यायला गेलो, तेव्हा तेलानं काळ्या झालेल्या हातांचा एक उंच माणूस मशीनमागून बाहेर आला.

"काय मोजून राह्यले साहेब? जिनिंग इकत घेता काय?"

मी सांगितलं. फिटर हमीदभाईंना त्यातलं काही कळलं नाही, पण रविवारी दुपारी ते माझ्या घरी हजर झाले. मी पडद्यावर माझी जिनिंग दाखवली. त्यांनी ती नीट पाहिली, मग म्हणाले, "सर, हे जिनिंग हाय का मंगल कार्यालय? इथं तं वऱ्हाडी बसतीन."

तिथून आमचे रविवार सुरू झाले. दुपारी वीज कधी जाईल याचा नेम नसायचा, म्हणून दर पाच मिनिटांनी काम साठवून ठेवायचं. हमीदभाई माऊसला हात लावायचे नाहीत. खुर्ची उलटी फिरवून, पाठ पडद्याकडे करून, डोळे मिटून बसायचे. मी खेळातल्या चोराला चालवायचो आणि ते ऐकायचे. "थांबा सर. हा पत्र्यावर चालून राह्यला का गादीवर?" मग मी आवाज बदलायचो. सरकीच्या ढिगावर पाय पडला की ती घसरते, कुरकुरते. रुईच्या खोलीत मात्र माणूस नाचला तरी ऐकू येत नाही. चोरानं सरकी टाळून रुईत शिरायचं ही सगळी रचना त्यांची. माझा पहारेकरी शिपायासारखा टाच आपटत चालायचा. हमीदभाई म्हणाले, "साठ वर्साचा मानूस हाय नं हा? मंग पायताण घासत चालते तो. अन् रोज एकाच बाजूनं फिरते, दुसऱ्या बाजूचा कुत्रा त्याले चावेल हाय." कुत्रा आम्ही केला नाही, पण तो एकाच बाजूनं फिरणारा म्हातारा तसाच ठेवला.

पहारेकऱ्याचा आवाज त्यांनीच दिला. "कोन हाय बे तिकडे?" हे त्यांनी माझ्या स्वस्तातल्या माइकसमोर वीस तऱ्हांनी म्हटलं. झोपेत, चिडून, घाबरून. आणि त्यांचा तो कोरडा, लांबलेला खोकला. रुईचं तूस वर्षानुवर्षं छातीत जाऊन झालेला. मला तो फार आवडला, कारण खोकल्यावरून चोराला अंधारातही पहारेकरी कुठे आहे ते कळलं असतं. मी त्यांना म्हणालो होतो, "हमीदभाई, आणखी एकदा खोका. जरा जोरात." ते खोकले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर खोकले आणि मग हसून म्हणाले, "घ्या. याले काई कमी नाही आपल्यापाशी."

त्याच काळात बीटी कापूस आला. पहिल्या वर्षांत जिनिंगपुढे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागायची आणि हमीदभाई महिनोनमहिने रविवारचेही दिसायचे नाहीत. मग बोंडअळी त्यालाही जुमानेनाशी झाली. ट्रॉल्यांमधून किडक्या बोंडांतली डागाळलेली कवडी येऊ लागली, तीही कमी कमी. शेजारपाजारच्या रानात कापसाच्या पऱ्हाट्या उपटून सोयाबीन पेरलं गेलं. एक हंगाम जिनिंगचा भोंगा वाजलाच नाही. मालकानं मशिनं भंगारात काढली, आणि ती खोलायला फिटर म्हणून हमीदभाईंनाच बोलावलं. तीस वर्षं जुळवलेलं त्यांनी आठ दिवसांत सुटं केलं. त्या रविवारी ते आले, डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "चालू करा सर. आता एवढीच उरली."

आता माझं सांगतो. मिशनचा एक छोटा तुकडा मी आधीच, हमीदभाई घरी येऊ लागण्यापूर्वी, माझ्या एकट्याच्या नावानं चाहत्यांच्या इंटरनेटवरच्या मंडळात दाखवला होता. पुढचा तुकडा त्यांच्या आवाजांसकट गेला तेव्हा पोलंडच्या एका परीक्षकानं लिहिलं, असा कान मी आजवर पाहिला नाही. कान माझा नव्हता. तरी मी आभार मानले. उभ्या हयातीत मला कुणी असं काही म्हटलं नव्हतं... मग कुणी विचारलं, पहारेकऱ्याचा आवाज कुणाचा? मी लिहिलं, माझाच. खोकल्याचं विचारलं, तर लिहिलं की खरेपणासाठी मी तो मुद्दाम घातला.

शेवटचा कागद तयार करताना मी दोन्ही नावं टाइप केली होती. त्याची प्रत छापून हमीदभाईंना दिली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मी बोट ठेवून नाव दाखवलं. रात्रभर थांबून सकाळी मी फाइलमधून ते नाव खोडलं आणि मिशन पाठवून दिलं. दोन नावं ठेवली असती तर आधीची सगळी उत्तरं खोटी ठरली असती, एवढंच कारण. त्यांनी ती छापील प्रत लॅमिनेट करून घरात लावली. भेटले की विचारायचे, "सर, हाय नं आपलं नाव तिथं?" आणि मी म्हणायचो, "आहे ना."

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी त्यांची मुलगी रुखसाना घरी आली. ती अकोल्याला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. म्हणाली, "काका, अब्बांच्या भिंतीवरचा कागद घेऊन शोधलं मी. मिशन सापडलं. तुमचं नाव सापडलं. अब्बांचं कुठीच नाही. माझं काही चुकून राह्यलं का?"

मी चहा ठेवायला आत जाऊ शकलो असतो. गेलो नाही. सगळं सांगितलं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहिली. शेवटी एवढंच विचारलं, "काऊन केलं काका?" पोलंडचा माणूस, गणिताचा तास, यातलं काही मला बोलता आलं नाही.

मंडळाचा दंडक असा की एकदा दिलेल्या मिशनला बनवणाऱ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. म्हणून मीच जुना पासवर्ड शोधला आणि जाहीरपणे लिहिलं, की हा कान, हा आवाज आणि हा खोकला वडनेरच्या हमीद फिटरचा आहे, मी खोटं बोललो, आणि ते आता नाहीत. कागद बदलून मिशन पुन्हा दिलं. कुणी मला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पोलंडच्या माणसानं फक्त विचारलं, हमीद या नावाचा उच्चार कसा करायचा?

नवा कागद दाखवायला मी अकोल्याला गेलो. रुखसानानं वाचला आणि बाजूला ठेवला. "आता लिहिलं काका तुमी. पन अब्बाले तं आधीपासूनच वाटे का आपलं नाव हाय. त्यायले यानं काय भेटलं?" मग तीच म्हणाली, "इतक्या वर्षांत लोकायनं काय काय लिहिलं, ते सगळं हाय का तुमच्यापाशी? मंग मराठीत वाचून दाखवा. मले इंग्रजी येते. पन तुमच्या तोंडानं ऐकाचं हाय."

तेव्हापासून मी दर रविवारी दुपारी फोन लावतो आणि एकेक पत्र वाचतो. कॅनडातल्या एका आंधळ्या होत चाललेल्या माणसानं लिहिलं होतं, की हे एकच मिशन मी नुसत्या कानांवर खेळू शकतो. एका बाईनं लिहिलं होतं, की म्हातारा पहारेकरी खोकला की मला चोरी सोडून त्याला पाणी द्यावंसं वाटतं. वाचून झालं की रुखसाना विचारते, "हे अब्बाले सांगतलं होतं काय तुमी?"

"नाही."

"बरं. पुढचं वाचा."

बरीच पत्रं अजून उरली आहेत.