मरणार नाही असं झाड

भातकुलीच्या पार्बताबाई झाडांचे लाड करत नसत. "दोनदा पानी मांगे ते झाड नाई, पाव्हना हाये," असं त्यांचं म्हणणं. अंगणात जे स्वतःच्या हिमतीवर उगवलं ते राहिलं, बाकीचं गुरांनी खाल्लं. माणसांच्या बाबतीतही त्यांचं धोरण साधारण हेच होतं. अपवाद एकच, सून शकुन. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. शकुनला तर नाहीच.

साल १८६४. तिकडे अमेरिकेत लढाई चालली होती, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडात भाव दर बाजाराला चढत होता. पार्बताबाईंचे यजमान खुशालराव विकायलाच तयार नव्हते. "आनखी चढू दे," म्हणायचे. मुलगा पुंजाराम अकोल्याला जाऊन बसला होता, नुसता भाव ऐकायला. कापूस घरात येत राहिला. कोठी भरली, ओसरी भरली, मग माजघर. मावेना तेव्हा घरच्यांनी ढिगावर चढून तो पायांनी दाबला. शेवटी माजघराचा एकुलता एक झरोका कापसाआड गेला आणि त्या घरात भरदुपारी दिवा लागू लागला.

शकुन माजघरातच दळायची, तिथंच झोपायची. तिच्या केसांत कापूस, पिठात कापूस. तिला खोकला लागला.

"कापूस हालवा," पार्बताबाई म्हणाल्या.

"कापसानं कोनी खोकलत नाई," खुशालराव म्हणाले. "परतवाड्याहून घेऊन आली ते दुखनं. तिच्या बापाले निरोप धाडला मी. येईन गाडी घेऊन, नेईन. मंग पुंज्याचं पुढं पाहू."

पुढं पाहू म्हणजे दुसरं लग्न. शकुनला ते न सांगता कळलं. त्या दिवसापासून ती तोंडात पदर कोंबून खोकू लागली.

मग खुशालराव एकदा अमरावतीहून नवीन माहिती घेऊन आले.

"साहेबाच्या बंगल्यात झाडं हायेत. घराच्या आत! कुंड्यात! त्यानं हवा साफ रायते म्हने. तिथं कोनी खोकलत नाई."

"खिडक्या किती हायेत त्या बंगल्याले?"

"ते मी नाई पायलं. तू बी ठेव एखादं झाड. पन जागा खाल्ली नाई पायजे. ऊन मांगलं नाई पायजे. आन त्याच्या मांगं मानूस लागलं नाई पायजे."

"मंग मेलेलंच पायजे तुमाले."

"सस्तं असंन तर आन."

पार्बताबाई झाड निवडायला निघाल्या. तुळस त्यांनी मनातल्या मनातच बाद केली. तिला ऊन लागतं, आणि ती वाळली तर पाप कुणाच्या माथी. अडुळसा खोकल्याला चांगला, पण तो वाढतो, आणि वाढायला त्या घरात वीतभर जागा नव्हती. शेवटी त्या शेजारच्या मैनाबाईंच्या दारात थांबल्या. चौकटीवर कोरफड उलटी टांगलेली होती, मुळ्या वर, माती नाही, पाणी नाही, तरी हिरवी.

"माह्या सासूच्या सासूनं टांगली," मैनाबाई म्हणाल्या. "त्या गेल्या, सासू गेली, हे हाये. याले काय पायजे ते आमाले अजून समजलंच नाई."

"मरते का कधी?"

"काहून? मारतं का?"

"इचारलं," पार्बताबाई म्हणाल्या, आणि कोरफडीचं एक पिल्लू मागून आणलं.

घरी त्यांनी ते जुन्या घागरीत लावलं. घागरीला भोक पाडलं नाही. माजघरात भिंतीला लागून ठेवली आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी शकुननं पाहिलं.

"आत्याबाई, कोरफडीले इतकं पानी?"

"तहान लागली असंन."

"सडंन ना ते!"

"तू खोकल. बोलू नको."

शकुन शेतकऱ्याची मुलगी होती. काय चाललंय ते ती समजली. मधूनमधून तांब्या भरून सासूच्या हाताशी ठेवू लागली.

कोरफड मऊ पडली, पिवळी झाली, आणि एका सकाळी आडवी होऊन वास मारू लागली. बातमी गावभर गेली. बाया दारातून डोकावत. "कोरफड मेली म्हन्ते?" "मेली वं माय." "कोरफड?" मैनाबाई आल्या, पाहिलं, आणि आत न येता परत गेल्या.

खुशालराव घागरीसमोर उकिडवे बसले.

"हे कशी मेली?"

"हवा," पार्बताबाई म्हणाल्या. 'या हवेत कोरफड मरते, तं सुनेचं काय होईन,' हे पुढचं वाक्य त्यांनी तयार ठेवलं होतं.

खुशालरावांनी मातीत बोट घातलं. बाहेर काढून पाहिलं. चिखल.

"याले पानी कोनी देल्लं?"

"कोरफडीले कोन पानी देते?"

"म्हंजे..." ते ताडकन उठले, हात भिंतीवर, मग ढिगावर. "म्हंजे भिंतीतून ओल येऊन राह्यली! कापूस सडंन माहा! काढा! आत्ताच्या आत्ता काढा!"

पार्बताबाईंचं वाक्य तसंच राहिलं.

नेमके त्याच वेळी दारात शकुनचे वडील भगवंतराव बैलगाडी घेऊन उभे राहिले, परतवाड्याच्या रस्त्याची धूळ मिशीवर घेऊन.

"मी लेकीले न्याले आलो."

"न्या ना, इवाई. पन पयले कापसाच्या दोन खेपा खळ्यावर टाकून द्या. मांडव घालून ठेवतो तिथं."

त्या दोन खेपा संध्याकाळपर्यंत संपल्या नाहीत. दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी झरोका मोकळा झाला. वारा आत आला. शकुननं माजघर झाडलं, सारवलं आणि तिथंच गाढ झोपली.

भगवंतराव आणखी चार दिवस राहिले. त्यांच्या बैलांना विसावा हवा होता. ते ओसरीवर बसून आतला कानोसा घ्यायचे.

"खोकला तं आइकू येत नाई," शेवटी ते म्हणाले.

"कोनाचा?" खुशालरावांनी विचारलं. त्यांचा सगळा जीव खळ्यावर होता.

"तुमीच निरोप धाडला ना, लेक बिमार हाये म्हनून?"

खुशालरावांनी आठवायचा प्रयत्न केला. "असंन. आता तं दळून राह्यली ना ते."

भगवंतरावांनी गाडी जुंपली. ती रिकामीच वेशीकडे वळली, तेव्हा शकुन आतल्या दाराशी गाठोडं धरून उभी होती.

"आत्याबाई, हे?"

"सोड," पार्बताबाई म्हणाल्या. "लुगडी चुरगळतात."