पार्टी हजर नाही

“पार्टी आली का लाइनवर?” मुंबईची ऑपरेटर तिसऱ्यांदा विचारत होती, आणि काय उत्तर द्यावं ते मला कळत नव्हतं.

सकाळचे नऊ वाजून गेले होते. मी एक्स्चेंजमध्ये एकटीच ड्यूटीवर होते. नव्वदच्या दशकाची सुरुवात. नगरमध्ये लोक घरबसल्या मुंबईला फोन लावू लागले होते, पण श्रीगोंद्याकडच्या आमच्या छोट्या एक्स्चेंजमध्ये अजून जुना बोर्डच होता. बोर्ड म्हणजे भोकाभोकांची एक उभी फळी. प्रत्येक भोक म्हणजे एक टेलिफोन. ऑपरेटरने दोन टोकांची वायर दोन भोकांत घातली की दोन माणसं बोलू लागत. मध्ये बसलेल्या ऑपरेटरला दोन्हीकडचं ऐकू येई. ऐकायचं नाही, आणि ऐकलं तरी बाहेर सांगायचं नाही, हा आमच्या खात्यातला पहिला नियम.

त्या आठवड्यात जवळच्या साखर कारखान्यावर परदेशी पाहुणे उतरले होते. एका देशाचा क्रिकेटचा राष्ट्रीय संघ. देशाचं नाव लिहीत नाही, कारण तिथे क्रिकेट खेळणारे इतके थोडे, की देश सांगितला तर माणूस ओळखू येईल. बर्फाचा, फुटबॉलचा देश. संघात कोणी बेकरीवाला, कोणी दातांचा डॉक्टर, कोणी ट्राम चालवणारा. आपल्याकडच्या खेळपट्ट्यांची सवय व्हावी म्हणून ते आले होते आणि आल्यापासून सगळे सामने हरले होते. कारखान्याच्या चेअरमनसाहेबांना कुठून तरी कळलं. त्यांनी गेस्ट हाऊस उघडून दिलं, मैदान रोलरने दाबून घेतलं आणि जिल्ह्यातल्या निवडक पोरांशी सामना ठरवला. पंचक्रोशीत जीप फिरवून पुकारा केला. ऊसतोडीचे दिवस असूनही सकाळपासून माणसं जमत होती. मैदान एक्स्चेंजपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे तिथल्या लाउडस्पीकरचा भोंगा आमच्या खिडकीतून स्पष्ट ऐकू येई.

मुंबईमार्गे आलेला कॉल त्या देशातूनच होता. पीपी कॉल. म्हणजे ठरावीक माणसाशीच बोलायचंय, तो नसेल तर कॉल रद्द. त्या माणसाला आम्ही ‘पार्टी’ म्हणायचो. माणसाचं नाव इथे मी एरिक ठेवते. हाच तो ट्राम चालवणारा.

मी गेस्ट हाऊसला रिंग दिली. संघाच्या मॅनेजरने उचलला. साठीचे, शाळेत भूगोल शिकवणारे गृहस्थ. इतक्या एक्स्चेंजमधून आलेला आवाज शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत विरून जाई. त्यांना पलीकडचं काही ऐकू येईना. अशा वेळी मधल्या ऑपरेटरने एकाचं वाक्य दुसऱ्याला सांगायचं असतं. पलीकडे एरिकची बहीण होती. आमचं बोलणं इंग्रजीत झालं, मी मराठीत लिहिते.

“बाबा हॉस्पिटलमध्ये आहेत,” ती म्हणाली. “हृदय फार कमकुवत झालंय. आत्ता जागे आहेत, त्याला विचारताहेत. डॉक्टर म्हणाले, बोलायचं असेल तर आत्ताच बोलून घ्या.”

मी शब्दाला शब्द सांगितला.  मॅनेजरच्या मागे कपबशा वाजत होत्या. कोणीतरी मोठ्याने हसलं.

“ऑपरेटर,” ते हळू आवाजात म्हणाले, “तिला सांगा, तो मैदानावर निघून गेलाय.”

“सर, खरंच गेलाय?”

“माझी दोन मुलं पोट धरून पडली आहेत. बरोबर अकराच उरलेत. त्याला हे कळलं तर तो खेळणार नाही. त्याला बॅट धरायला त्याच्या बापानंच शिकवलं. बंदरावर इंग्रज खलाशांकडून स्वतः शिकला आणि पोराला शिकवलं. त्या बापाला विचाराल तर तोही म्हणेल, खेळू दे. एक वाजता जेवणाची सुट्टी आहे. तेव्हा मी स्वतः सांगेन. प्लीज.”

मी दोघांनाही होल्डवर ठेवलं आणि नगरला आमच्या सुपरवायझरना, जोशीसाहेबांना, गाठलं.

“साळवेबाई,” ते म्हणाले, “आपलं काम जोडायचं. फोन उचलणारा पार्टी नाही म्हणतोय ना? मग नाही. त्याच्या घरात जाऊन बघणार आहात का तुम्ही?”

“साहेब, वडील शेवटच्या घटकेला आहेत.”

“ते तुम्हाला कसं माहीत? तुम्ही ऐकलेलंच नाही. तिकिटावर लिहा आणि मोकळ्या व्हा.”

तिकीट म्हणजे प्रत्येक कॉलची छोटी चिठ्ठी. मी त्यावर लिहिलं, ‘पार्टी हजर नाही. पुन्हा एक वाजता.’ मग बहिणीला सांगितलं, तो मैदानावर निघून गेलाय, इथल्या एक वाजता पुन्हा करा.  ती म्हणाली, “तो भेटला तर एवढंच सांगा, बाबा जागे आहेत.” आणि लाइन गेली.

आमचे लाइनमन भागूजी दारातच स्टुलावर बसले होते. पन्नाशीचा माणूस, तारा ओढण्यात आयुष्य गेलेलं. इंग्रजी येत नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी ओळखलं.

“काय झालं, बाई?”

सांगायला नको होतं. मी सांगितलं.

ते उठले. “मंग मी जातो की मैदानावर. भोंग्यावरून पुकारायला लावतो. पाच मिन्टांचं काम हाय.”

“नको, भागूजी. कॉलमधलं बाहेर सांगितलं तर नोकरी जाईल.”

“बाई, बाप हाय त्याचा.”

“नको म्हटलं ना.”

ते परत स्टुलावर बसले. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले होते. घर माझ्या पगारावर होतं. हे मी कारण म्हणून सांगते आहे, माफी म्हणून नाही.

दहा वाजता सामना सुरू झाला. पाहुण्यांची पहिली बॅटिंग. हायस्कूलचे एक सर भोंग्यावर मराठीत कॉमेंट्री करत होते. दोन गडी पटापट गेले. मग सरांचा आवाज चढला, “आता मैदानात उतरत आहेत एरिकसाहेब!” त्यानंतर मला दुसरं काही ऐकूच येईना. बोर्डवर कॉल येत होते. कारखान्याला पुण्याचा, सोसायटीला नगरचा. मी जोडत होते. मध्ये मध्ये खिडकीतून आवाज येई, “एरिकसाहेबांचा चौकार!” माणसं टाळ्या पिटत होती.

साडेअकराला मला राहवेना. मैदानालगत कारखान्याचं टाइम ऑफिस होतं, कामगारांची हजेरी घेतात ते. तिथे फोन केला. चेअरमनसाहेबांच्या पीएने उचलला.

“एरिक नावाच्या खेळाडूला फोनवर बोलवा. परदेशचा कॉल आहे.”

“तो खेळतोय, बाई. कॉल लाइनवर आहे का आत्ता?”

“नाही. एक वाजता येणार आहे.”

“मग एक वाजता करा.” त्याने ठेवून दिला.

कॉल एकच्या आधीच आला. पावणेएक झाले होते. भोंग्यावर सर सांगत होते की पाहुण्यांचा डाव संपला आणि एरिकसाहेब नाबाद राहिले. या वेळी बहिणीचा आवाज वेगळा होता. तिने सांगितलं ते ऐकून मी टाइम ऑफिसला रिंग दिली. या वेळी मॅनेजरना मागितलंच नाही. “एरिकला बोलवा, आत्ता,” म्हटलं. माझा आवाज चढला असणार, कारण पीए काही न बोलता गेला.

एरिक धावत आला. धाप लागली होती.

“ऑपरेटर? घरून आहे का? मला काही ऐकू येत नाही. बाबांना सांगा, चोपन्न. नाबाद. सांगा त्यांना!”

मी ते पलीकडे सांगितलं नाही.

“मिस्टर एरिक,” मी म्हटलं, “तुमची बहीण लाइनवर आहे. ती म्हणते, तुमचे वडील वीस मिनिटांपूर्वी गेले.”

 टाइम ऑफिसमधला गलका तेवढा ऐकू येत होता. मग त्याने विचारलं, “त्यांना त्रास झाला का?” मी बहिणीला विचारलं. ती म्हणाली, “नाही. पहाटेपासून तुझी वाट बघत होते. मी सांगितलं, तू मैदानावर गेलास.” मी तेही सांगितलं. सांगताना लक्षात आलं, आता पुढचा प्रश्न मला येणार.

“पहाटे? म्हणजे इथले नऊ? मी साडेनऊपर्यंत नाश्ता करत होतो. ऑपरेटर, सकाळी कॉल आला होता?”

“हो.”

“कोणी उचलला?”

नियम मला माहीत होता. “तुमच्या मॅनेजरनी,” मी म्हटलं.

दुपारी पाहुणे दहाच जण फिल्डिंगला उतरले. एरिक मैदानावर गेला नाही. तीनच्या सुमाराला पांढऱ्या कपड्यांतच तो एक्स्चेंजच्या दारात उभा राहिला. गुडघ्यांना माती लागलेली. आईशी बोलायचंय म्हणाला. कॉल लागायला पाऊण तास लागला. भागूजींनी त्याला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले. मी माझ्या बोर्डला तोंड करून बसले होते.

“माझ्या बहिणीनं सकाळी नेमकं काय सांगितलं?” त्याने मागून विचारलं.

मी सांगितलं. शेवटचं वाक्यही सांगितलं. त्याने मान हलवली. मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आईशी बोलणं झाल्यावर कारखान्याची जीप त्याला मुंबईला घेऊन गेली. सामना ते हरले. बक्षीस समारंभ कसाबसा उरकला.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी मॅनेजर आले. हातात टोपी होती. “मला वाटलं होतं, एक वाजेपर्यंत वेळ आहे,” ते म्हणाले. “वीस वर्षं मी हा संघ जमवतोय. माणसं आता माझ्याशी बोलत नाहीत.” मी म्हटलं, “सर, मीही हो म्हटलं होतं.” त्यावर ते गेले.

पंधरा दिवसांनी मला मेमो आला. पीएने तक्रार केली होती की ऑपरेटरने कॉलची गुप्त माहिती उघड करून पाहुण्यांमध्ये भांडण लावलं. खुलासा दिला. सर्व्हिस बुकात लेखी ताकीद लागली. जोशीसाहेबांनी सकाळचं तिकीट स्वतः तपासलं आणि शेरा मारला, ‘नियमानुसार बरोबर’. सकाळच्या कॉलबद्दल मला कधीच कोणी जाब विचारला नाही.

त्यानंतर माझ्याकडे शिकायला येणाऱ्या नव्या मुलींना मी एक गोष्ट सांगू लागले. फोन उचलणारा ‘पार्टी नाही’ म्हणाला, तर लगेच लिहू नका. “एकदा मोठ्याने हाक मारून बघा,” असं त्याला म्हणा आणि लाइन धरून ठेवा. हे कुठल्या नियमात नाही. तीन मुलींना शिकवलं. मग खात्याने नवी मशीन बसवली, बोर्ड भिंतीवरून उतरवला आणि त्या तिघींना बिलं वाटायच्या खिडकीवर बसवलं.